खोऱ्याची उंची आणि सुट्टीचा महिना

उन्हाळी वाटा : लेखांक पाचवा

सौंसरजवळच्या जामसांवलीच्या मारुतीची मूर्ती उभी नाही की बसलेली नाही. ती पहुडलेली आहे. संजीवनी घेऊन हिमालयातून परतताना मारुतीराया इथे पिंपळाखाली विसावला, असे परिसरातली श्रद्धा सांगते. तिकडे उत्तराखंडात, चमोली जिल्ह्यातल्या द्रोणागिरी गावात मात्र मारुतीची पूजा होत नाही. आमचा डोंगर उचलून नेला, हा त्या गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रुसवा. दोन्ही गावांत सरळ रेषेत हजारेक किलोमीटरचे अंतर, आणि एकाच कथेची ही दोन टोके. कथेचा खरेखोटेपणा हा या लेखमालेचा विषय नाही. त्यातली एक गोष्ट तेवढी उचलायची आहे : ती वनस्पती जाम नदीच्या काठी मिळण्यासारखी नव्हती. तिच्यासाठी ठरावीक उंचीवरच जावे लागत होते. हिमालयातले खोरे पाहायला निघणाऱ्याने हीच गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, आणि नेमके तेच होत नाही. आपण नाव ऐकून जातो. उंची आणि महिना विचारत नाही.

याचे एक कारण आपल्या भाषेतच दडले असावे. मराठी माणसाचे ‘खोरे’ सखल असते. बारा मावळांपासून वर्धेच्या खोऱ्यापर्यंत खोरे म्हणजे नदीकाठची सुपीक, वस्तीची, ‘खोऱ्याने ओढण्याइतकी’ पिकणारी जमीन. वऱ्हाडात तर पूर्णेच्या खोऱ्याला नावच पायनघाट, म्हणजे घाटाखालचा मुलूख. आणि त्या मुलखातल्या अकोल्याचा मे महिना कसा असतो ते वेगळे सांगायला नको. सौंसर-पांढुर्ण्याकडे जाम नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि पाणी शेवटी गोदावरीत जाते; हे सगळे खोरे नवतपाच्या दिवसांत भट्टीसारखे तापते. गारवा हवा तर वर चढायचे, खोऱ्यात उतरायचे नाही, हा आपला पिढीजात अनुभव. चिखलदरा आणि पचमढी ही त्याचीच फळे. इंग्रजांनीही थंड हवेची गावे बहुतेक कड्यावर, धारेवर किंवा पठारावर वसवली. सिमला आणि मसुरी धारेवरचीच. धारेवर पाणी मात्र कमी; २०१८ च्या उन्हाळ्यात सिमल्याच्या नळांना कित्येक दिवस पाणी नव्हते, त्याच्या बातम्या देशभर गाजल्या.

हिमालयात हे गणित उलटते. तिथल्या अनेक मोठ्या खोऱ्यांचा तळच आपल्या शिखरांहून उंच असतो. सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर धूपगड, सुमारे १,३५० मीटर. काश्मीर खोऱ्याच्या तळाशी असलेले श्रीनगर त्याहून दोनशेवर मीटर उंच आहे. मनाली साधारण २,०५० मीटरवर, बास्पा नदीकाठचे सांगला २,६८० च्या आसपास, लाहौलमधले सिस्सू ३,१०० च्या आसपास, स्पितीतले काझा ३,६०० च्याही वर. भूगोलाचा ढोबळ नियम असा की हजार मीटर चढले की हवा साडेसहा अंशांनी उतरते. जामसांवलीचा परिसर समुद्रसपाटीपासून साडेतीनशे-चारशे मीटरवर. म्हणजे पचमढीला गेल्यावर उंचीमुळे मिळणारी सूट चार-पाच अंशांची, मनालीत अकराएक अंशांची आणि सिस्सूत सतराच्या पुढची. पण याच नियमाची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. कुल्लू खोऱ्यात विमान उतरते ते भुंतरला, आणि भुंतर जवळजवळ पचमढीच्याच उंचीवर आहे. डेहराडून तर नावातच ‘दून’, म्हणजे खोरे, घेऊन बसले आहे. पण साडेसहाशे मीटरवरचे हे खोरे मेअखेरीस चाळिशीला टेकते. ‘हिमालयातले खोरे’ एवढ्या दोन शब्दांनी गारव्याची हमी मिळत नाही. तळाची उंची किती, हा आकडा मागून घ्यावा. हॉटेलच्या खोलीचे भाडे विचारताना हाही आकडा विचारायला हरकत नाही.

उंचीच सगळे ठरवत असेल तर सौंदर्याचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. थंडी हवी तर शीतगृहातही मिळते. पण हिमालयात सौंदर्यही उंचीचेच अपत्य आहे. खालच्या टप्प्यात दरी नदीने कोरलेली असते : काठ उभे, तळ अरुंद, रस्ता कड्याच्या पोटात. वरच्या टप्प्यात हजारो वर्षे हिमनदीने तळ घासलेला असतो. बर्फ पाण्यासारखे एक रेघ कापत नाही, परातीसारखे रुंद खरवडते. म्हणून वर गेल्यावर एकाएकी तळ पसरतो, कुरणे दिसतात आणि बाजूच्या लहान दऱ्या अधांतरी तुटल्यासारख्या राहून तिथून धबधबे कोसळतात. काश्मीरची गोष्ट आणखी निराळी. तो एका पुरातन सरोवराचा तळ आहे. झेलमला बारामुल्लाच्या बाजूने वाट मिळाली आणि पाणी निघून गेले. मागे राहिलेल्या गाळाच्या पठारांना तिथे करेवा म्हणतात, आणि पांपोरचे केशर त्याच करेवांवर पिकते. संत्र्यासाठी पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी, हे ज्यांना बापजाद्यांपासून ठाऊक आहे त्यांना करेवाचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही.

आता महिन्याकडे वळू, कारण खरी फसगत तिथे होते. आपली नदी मे महिन्यात आटते; हिमालयातली नदी मे महिन्यात भरायला लागते. इथे पाणी आभाळातून येते, तिथे त्या दिवसांत ते बर्फातून येते. दिवसभर ऊन पडले की वरचे बर्फ वितळते, ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात, म्हणून सकाळी गुडघ्याखाली असलेला ओढा दुपारनंतर गाडी अडवतो. लाहौल-स्पितीचे वाहनचालक पूल नसलेले नाले सकाळीच ओलांडण्याचा आग्रह धरतात तो यामुळे. आणि जोवर बर्फ वितळत नाही तोवर खिंडी उघडत नाहीत. मनालीहून स्पितीत नेणारी कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. ती साधारण जून उजाडल्यावर मोकळी होते. फुलांची घाटी १ जूनला उघडते, पण उघडते तेव्हा तिथे फुलांपेक्षा बर्फाचे पट्टेच अधिक. गिर्यारोहक फ्रँक स्माइथ १९३१ मध्ये त्या दरीत पोचला आणि पुढे त्याच्या पुस्तकाने तिचे नाव जगभर झाले. तिथल्या फुलांचा भर जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसात. मे महिन्याच्या सुट्टीत तिची वाट धरणारे कुटुंब पायथ्याच्या घांगरिया गावातली थंडी अनुभवून परत येईल, एवढेच.

या दोन्ही गोष्टींचा, उंचीचा आणि महिन्याचा, मेळ कसा घालायचा हे ठरवायला भूगोलाचे पुस्तक लागत नाही. हिमालयातले पशुपालक हा हिशेब शतकानुशतके मांडत आले आहेत. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ हिवाळा शिवालिकच्या पायथ्याशी काढतात, उन्हाबरोबर टप्प्याटप्प्याने वर सरकतात आणि जूनच्या सुमारास खिंडी ओलांडून लाहौलच्या कुरणात उतरतात. काश्मिरातले बकरवालही तसेच. नीती, माणा आणि जोहार खोऱ्यांतल्या भोटिया कुटुंबांची तर दोन-दोन गावे : हिवाळ्याचे खाली, उन्हाळ्याचे वर. मघाशी उल्लेख आलेले द्रोणागिरी हे असेच उन्हाळी गाव. साडेतीन हजार मीटरच्या वरचे ते घर हिवाळ्यात रिकामे असते. जिथे गावकरीच अजून चढलेले नाहीत, चूल पेटलेली नाही, तिथे पाहुण्याने आधी पोचण्यात काय अर्थ? गवताच्या मागे मेंढी जाते, मेंढीमागे माणूस. पर्यटकाने त्यांच्या थोडे मागे राहावे.

आपली सुट्टी मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा एवढीच. मध्य प्रदेशातल्या शाळांचे हेच, आणि शेतकऱ्याला तर मृगाआधी घरी असणे भाग. संत्र्याचा मृग बहार धरणाऱ्याने मेमध्ये झाडाला ताण दिलेला असतो, त्यामुळे तो जरा मोकळा. आंबिया बहारवाल्याची फळे तेव्हा पाणी मागत असतात, त्याला घर सोडणे अवघड. या चौकटीत प्रामुख्याने दीड ते तीन हजार मीटरचा पट्टा बसतो. मेमध्ये तीर्थन खोरे पाहावे. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी असलेल्या या नदीवर जलविद्युत प्रकल्पांना परवानगी नाही, म्हणून ती अजून नदीसारखी वाहते. त्याच महिन्यात सांगला आणि वरचे छितकुल, कुमाऊंमध्ये गोरीगंगेवरचे मुनस्यारी. सिक्कीममध्ये लाचुंगहून वर युमथांगचे बुरांस एप्रिल-मेमध्ये फुलतात. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये तिस्तेला आलेल्या पुरानंतर उत्तर सिक्कीमच्या रस्त्यांचा भरवसा राहिलेला नाही, आणि तिथे पाऊसही आपल्याआधी पोचतो. लाहौलचा प्रश्न ऑक्टोबर २०२० मध्ये सुटला. सुमारे नऊ किलोमीटरचा अटल बोगदा झाला आणि ३,९७८ मीटरची रोहतांग खिंड न चढता चंद्रेच्या खोऱ्यात उतरता येऊ लागले. पीर पंजालच्या पलीकडे पाऊस फार पोचत नाही, त्यामुळे ज्यांना जून-जुलैमध्येच सवड मिळते त्यांनी लाहौल-स्पितीकडेच पाहावे. पावसाळ्यात अलीकडच्या अरुंद दऱ्यांत राहणे किती महाग पडते ते केदारनाथने १६-१७ जून २०१३ ला दाखवले. जुलै २०२३ मध्ये बियासने कुल्लू-मनालीत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये खीरगंगेने धरालीत. तिन्ही ठिकाणी पाणी आले त्याच्या वाटेत माणसाने बांधकाम केलेले होते.

बैसरनचे नाव घेतल्याशिवाय काश्मीरचा विषय मिटवता येणार नाही. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या त्या कुरणात २६ जणांना मारले गेले, त्यात महाराष्ट्रातलेही होते. उंची आणि महिना यांचे गणित अशा गोष्टीला लागू नाही. तिथे त्या-त्या वेळची प्रशासनाची सूचना पाहायची आणि ती पाळायची.

आणखी दोन आक्षेप उरतात. पहिला, उंचीच हवी तर थेट लेहलाच का जाऊ नये? कारण साडेतीन हजार मीटरवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच असतो. विमानाने दोन तासांत तिथे उतरलेल्या शरीराला हे कळायला एक रात्र लागते, आणि ती रात्र डोकेदुखी-मळमळीत जाते. दुर्लक्ष केले तर जिवावर बेतते. तीन हजारांच्या वर झोपण्याची जागा दिवसाला तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा अधिक चढवू नये, हा डॉक्टरांचा नियम. घरात वडीलधारी माणसे किंवा लहान मुले असतील तर दोन-अडीच हजारांवर दोन रात्री आधी काढाव्या. म्हणजे खोऱ्याने जाण्याचा आणखी एक फायदा निघतो : खोरे हळूहळू चढते, विमान चढत नाही. खोऱ्यातल्या गर्दीची तक्रार मात्र खरी आहे आणि तिला उत्तर नाही. खोऱ्याला तोंड एकच असते. एक नदी, तिच्या कडेने एक रस्ता. पुढची गाडी थांबली की मागच्या हजार थांबतात. मेच्या शनिवारी मनाली त्यामुळे तुंबते. वार बदलणे किंवा शेजारचे खोरे धरणे एवढेच हाती राहते.

दुसरा आक्षेप घरचा आहे, आणि तो अधिक वजनदार. एवढ्या लांब जायचे कशाला, छिंदवाड्यापलीकडे पाताळकोट आहे की! जामसांवलीहून दीडशेएक किलोमीटर, घोड्याच्या नालेच्या आकाराची दरी, पसारा ७९ चौरस किलोमीटरचा, खोली बाराशे ते पंधराशे फूट, तळाशी बारा गावे. इथून मेघनाद पाताळात उतरला अशी कथा. इथले पाणी दूधी नदीने नर्मदेत जाते. जाम नदीचे गोदावरीत. एवढ्याशा अंतरात पाण्याची दिशाच बदलते. पाहण्याजोगे ते आहेच, पण उन्हाळ्यात नाही. वरचा नियम इथेही लागू पडतो, फक्त उलटा : तळ काठापेक्षा चारएकशे मीटर खाली, म्हणजे अडीच अंशांनी अधिक गरम. मेमध्ये सागाची पाने गळलेली असतात, झरे बारीक झालेले असतात आणि उतरलेले सगळे परत चढायचे असते. तिथे राहणाऱ्या भारियांवर, ज्यांची गणना विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत होते, ऐन पाणीटंचाईत पाहुण्यांच्या गाड्यांचा भार घालणे हेही शहाणपणाचे नाही. चिमटीपूर आणि रातेडकडच्या वाटा पोळा होऊन गेल्यावर धराव्या. पांढुर्ण्याची गोटमार जत्रा आटोपलेली असते, शेतात उसंत असते, कड्यांवरून पाणी उतरत असते. आणि सकाळी काठावर उभे राहिले तर खालची बारा गावे ढगाखाली झाकलेली असतात.