आमच्या घरची ससेहोलपट

ससा पाळणे हे फार सोपे काम आहे, असा आमच्या घरातील सर्वांचा समज होता. कुत्र्याला फिरायला न्यावे लागते, मांजर शेजाऱ्यांचे दूध पिऊन येते आणि बोलणी आपल्याला खावी लागतात. ससा बिचारा गरीब! भुंकत नाही, कुणाच्या घरी जात नाही, कोपऱ्यात बसून गाजर खातो. हे सारे ज्ञान आम्ही मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांतून मिळवलेले. तेवढ्या भांडवलावर २०२२ च्या जूनमध्ये, धाकट्या कन्येच्या हट्टापायी, एक पांढरा ससा पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात दाखल झाला. नाव ठेवले ‘कापशा’.

मी कॉलेजात मराठी शिकवते. सशाशी माझी ओळख होती ती शब्दांतून. चंद्रावरचा डाग म्हणजे ससा, म्हणून चंद्र शशांक. जगात नाही ते शशशृंग. सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावणारा पंचतंत्रातला ससा तर सर्वांच्याच ओळखीचा. पुढे कळले, की यांतला एकही आमच्या कापशाच्या कुळातला नव्हे! आपल्या गोष्टींतला तो रानससा. तो उघड्या माळावर राहतो आणि त्याची पिले अंगावर केस व डोळे उघडे घेऊनच जन्मतात. त्याला धरणे किंवा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. घरात पाळतात त्या सशाचे पूर्वज स्पेनकडचे, बिळे करून राहणारे. त्यांची पिले उघडी आणि आंधळी जन्मतात. म्हणजे आमच्या पाहुण्याचे नावसुद्धा उसनेच.

पहिली चूक पिंजऱ्याची. विकणाऱ्याने तारांच्या तळाचा पिंजरा दिला, आम्ही आनंदाने घेतला. कुत्र्यामांजरांच्या पायाला असते तशी मऊ गादी सशाच्या तळव्याला नसते, नुसते केस असतात. महिनाभरात कापशाचे मागचे पाय सोलवटले. तेव्हा पिंजरा माळ्यावर गेला आणि त्याला गॅलरीलगतची खोली मिळाली, सतरंजीसकट. (ती माझी अभ्यासाची खोली होती, हे जाता जाता सांगते.)

दुसरी चूक गाजराची. गाजर हे सशाचे जेवण नव्हे, ते त्याचे पेढे-बर्फी. जेवण म्हणजे गवत, तेही दिवसभर. सशाचे दात जन्मभर वाढत असतात, समोरचे तर वर्षाला दहा सेंटिमीटरच्या आसपास! गवत रवंथल्यासारखे चावून चावून ते झिजतात आणि त्याच चोथ्याने आतडेही चालते राहते. वाळलेले गवत आम्ही एका गोठ्यावरून पोत्याने आणू लागलो. हिरव्यासाठी मंडईतल्या फुलवाल्या मावशींकडून दूर्वा. आठ दिवसांनी मावशींनी विचारलेच, “काय हो बाई, तुमच्याकडं रोजच चतुर्थी का?”

बाकीच्या गोष्टी हळूहळू कळत गेल्या. सशाला कान धरून उचलू नये. कान दुखतात, आणि त्याने हिसका देऊन लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडू शकतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, कानांवाटे उष्णता जाते. एप्रिलात पुण्याचा पारा चाळीसला टेकला की कापशाचा मुक्काम मोरीजवळच्या गार फरशीवर.

आणि मग २०२३ ची दिवाळी आली. नणंदबाई माहेरपणाला आल्या होत्या, सोबत त्यांचा आठ वर्षांचा बंडू. लक्ष्मीपूजनाच्या रात्री खालच्या चौकात फटाक्यांच्या माळा लागल्या. कापशा कपाटाखाली शिरला आणि मागचा पाय फरशीवर आपटू लागला. रानात हा बिळातल्या भाईबंदांना दिलेला धोक्याचा इशारा. इथे तो ऐकणार कोण? आम्ही फराळात दंग.

दुसऱ्या दिवशी पहाटे केर काढताना सासूबाई म्हणाल्या, “अगं, आज एकही लेंडी नाही.”

“बरंच झालं, तुम्हाला एक दिवस सुट्टी,” मी म्हणाले. हे वाक्य मला अजून टोचते. संध्याकाळी पाहिले तर गवत जसेच्या तसे, आणि कापशा पाठ वाकवून, डोळे अर्धे मिटून बसलेला. घरात मुलीच्या खोकल्याचे उरलेले औषध होते. तेच थोडे द्यावे, असे आमच्या घरातल्या पुरुषमंडळींचे मत पडले. पहिल्या डॉक्टरांनी आपण फक्त कुत्री-मांजरे पाहतो असे सांगून वाट लावली. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपून पाहिले आणि आतडे थांबले आहे म्हणाल्या. ससा अर्धा दिवस खाल्ल्यावाचून राहिला, की जिवावर बेतू शकते. त्याला ओकताही येत नाही. गिळले ते पुढेच जायला हवे. घरातल्या औषधाविषयी विचारताच त्या दचकल्या. माणसांना सर्रास देतात त्यांतली पेनिसिलिनच्या जातीची औषधे पोटात गेली, तर ससा दगावतो.

त्यांनी वेदनेचे इंजेक्शन दिले, कातडीखाली सलाईन दिले आणि बिनसुईच्या पिचकारीने दर तीन तासांनी गवताची पातळ पेज भरवायला सांगितली. घरी आल्यावर बंडू रडू लागला. त्याने दोन करंज्या भरवल्या होत्या. “त्यालाही दिवाळी होती ना,” म्हणाला. त्याला रागवावे असे तोंड कुणाला उरले होते?

दोन रात्री पाळ्या लावून जागलो. रात्रीची पाळी सासूबाईंची. ‘ही घाण माझ्या घरात नको,’ म्हणणाऱ्या त्याच सासूबाई जुन्या लुगड्यात कापशाला गुंडाळून, एका हाताने पिचकारी दाबीत, पुटपुटत बसत. रामरक्षा म्हणत होत्या की त्याला दटावीत होत्या, ते मी विचारले नाही.

भाऊबीजेच्या सकाळी नणंदबाई ओवाळणीचे ताट घेऊन उभ्या, पाटावर आमचे हे टोपी घालून बसलेले. एवढ्यात सासूबाई वर्तमानपत्राचा कागद दोन्ही हातांत सांभाळीत बाहेर आल्या. “थांबा गं जरा,” त्या म्हणाल्या, “आधी हे बघा. सात आहेत. मी दोनदा मोजल्या.”