जुन्या डेस्कटॉपची रॅम : १३३३ की १६००?



"सर, रॅम १३३३ची टाकू की १६००ची?" मागच्या दोन व्याख्यानांनंतर हा प्रश्न आम्हाला इतक्या जणांनी विचारला, की आजचा तास त्यालाच द्यायचं ठरवलं. तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा याच्याशी काय संबंध, असं कोणी म्हणेल. संबंध एवढाच, की हा प्रश्न यंत्राचा जितका आहे तितकाच शब्दाचा आहे. 'वेग' हा एकच शब्द दुकानदार एका अर्थाने वापरतो, रॅम बनवणारा दुसऱ्या आणि खुर्चीवर बसलेला माणूस तिसऱ्याच. अर्थ वेगळे केले की अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

आपण एक प्रत्यक्ष उदाहरण धरून चालू. धुळे तालुक्यात एक ताई सेवा केंद्र चालवतात. जून उजाडला की उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, यासाठी पोरांची आणि पालकांची रांग लागते. प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही. मशीन २०१२ सालचं : दुसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर-३ची ४ जीबीची एकच पट्टी, १३३३ची. दुसरा स्लॉट रिकामा. ब्राउझरमध्ये चार टॅब आणि एक पीडीएफ उघडली की मशीन अडून बसतं. दुकानात सांगितलं गेलं, "जुनी काढा, ८ जीबीची १६०० टाका, पळेल." खर्च करायचा तर मुलाच्या क्लासच्या फीला ठेवलेल्या पैशांतून. म्हणून त्या विचारायला आल्या.

आधी १३३३ आणि १६०० हे आकडे काय सांगतात ते पाहू. रॅम एका सेकंदात किती दशलक्ष वेळा डेटा देऊ-घेऊ शकते, त्याची ही मोजणी. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा देवाणघेवाण होते, म्हणून १३३३च्या पट्टीचं घड्याळ प्रत्यक्षात ६६६ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं. सीपीयू-झेडसारख्या प्रोग्रॅममध्ये हाच निम्मा आकडा दिसतो आणि गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडायला जातं, की १३३३ सांगून ६६६ची दिली! तिथे दुकानदाराचा काही दोष नसतो. एका वेळी ८ बाइट, या हिशेबाने १३३३ची पट्टी सेकंदाला सुमारे १०.६ जीबी वाहून नेते आणि १६००ची १२.८ जीबी.

ही झाली वाहून नेण्याची क्षमता. पण मागितलेली पहिली वस्तू हातात पडायला किती वेळ लागतो, हा प्रश्न निराळाच. सावदा-रावेरहून दिल्लीला केळीची मालगाडी जाते. वीस डबे जोडा की चाळीस, चाळिसात माल दुप्पट जाईल. पण पहिला घड दिल्लीला पोहोचायचा तेव्हाच पोहोचेल. रॅमचंही तसंच. पट्टीवर सीएल-९, सीएल-११ असं काही छापलेलं असतं. मागणी आल्यापासून किती ठोके थांबावं लागेल, ते त्यात सांगितलेलं असतं. १३३३मध्ये एक ठोका दीड नॅनोसेकंदाचा. नऊ ठोके म्हणजे १३.५ नॅनोसेकंद. १६००मध्ये ठोका सव्वा नॅनोसेकंदाचा. अकरा ठोके म्हणजे १३.७५. म्हणजे 'वेगवान' पट्टीत पहिली वस्तू किंचित उशिरानेच येते! आजच्या साध्या डीडीआर-४ ३२०० सीएल-२२ पट्टीचा हिशेब केला, तरी उत्तर १३.७५च येतं. डबे वाढत गेले, प्रवासाचा वेळ जवळपास तोच राहिला. आम्हाला ही गोष्ट फार विलक्षण वाटते, आणि ती खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते.

आता ताईंच्या मशीनकडे वळू. दुसऱ्या पिढीचा आय-३ अधिकृतपणे १३३३पर्यंतचीच रॅम घेतो आणि एच-६१ बोर्ड त्याला त्यापुढे जाऊ देत नाही. १६००ची पट्टी टाकलीच तर बसेल, चालेलही, पण १३३३वरच चालेल. पैसे मात्र १६००चे. तिसऱ्या-चौथ्या पिढीचा प्रोसेसर असता तर १६००ला अर्थ होता. तिथेसुद्धा जुनी १३३३ शेजारी ठेवली तर दोन्ही १३३३वरच येतात. बैलजोडीत संथ बैलाच्या चालीनेच गाडी चालते.

पण जोडीचा दुसरा गुण आहे आणि तो दुकानात क्वचितच सांगितला जातो. त्या बोर्डावर दोन स्लॉट म्हणजे दोन स्वतंत्र रस्ते. दोन्हींत सारख्या क्षमतेच्या पट्ट्या असतील तर प्रोसेसर दोन्ही रस्ते एकदम वापरतो. १६००ची एकच पट्टी, तीही तिच्या पूर्ण वेगाने चालली तर, १२.८ जीबी, १३३३च्या दोन मिळून २१.३ जीबी. म्हणून जुनी ४ जीबी काढून ८ची एक टाकण्यापेक्षा जुनीशेजारी ४ची आणखी एक बसवणं चांगलं आणि स्वस्तही. चार स्लॉटच्या बोर्डावर पट्ट्या कोणत्या दोन स्लॉटमध्ये हव्यात ते बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

राहिला तिसरा अर्थ, खुर्चीतल्या माणसाचा वेग. मशीन अडतं तेव्हा हार्ड डिस्कचा दिवा सतत पेटलेला असतो, हे ताईंनी स्वतःच सांगितलं. रॅम भरली की विंडोज तिथला काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. रॅमपर्यंत जाऊन यायला प्रोसेसरला साधारण शंभर नॅनोसेकंद. फिरत्या डिस्कला दहा मिलिसेकंद. म्हणजे एक लाख पटीचा फरक. जिथे लाखाचा खड्डा आहे, तिथे १३३३ आणि १६०० यांतल्या वीस टक्क्यांवर वाद घालण्यात वेळ का घालवायचा? आधी क्षमता, मग जोडी, मग वेगाचा आकडा, असा हा क्रम आहे. याला अपवाद एकच सांगतो : वेगळं ग्राफिक्स कार्ड नसताना गेम खेळायचे असतील, तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि तिथे आकड्याचा फरक डोळ्यांना दिसतो. दाखल्यांच्या कामाला नाही.

जाता जाता एक गंमत. वैशेषिकांनी 'संस्कार' नावाच्या गुणाचे तीन प्रकार मानले : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. यातली भावना म्हणजे स्मृतीचं कारण. वेग आणि स्मृती असे एकाच घरात राहतात. पण रॅमला मेमरी म्हणतात ते जरा उदार मनानेच; लोडशेडिंग झालं की ती सगळं विसरते. तिला वर्गातला फळा म्हणा. फळा लहान असला तर मास्तर कितीही भरभर लिहो, पुसत बसावंच लागतं.

गोलाणी मार्केटात किंवा आग्रा रोडला जाण्याआधी घरी दोन गोष्टी पाहून घ्या. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात मेमरी. तिथे सध्याचा वेग आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं. आणि विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम ते वापरणारच नाही. आधी ६४-बिट करून घ्यावं लागेल. जुनी पट्टी काढून सोबत न्या. डीडीआर-३ला २४० पिना, डीडीआर-४ला २८८, खाचही वेगळ्या जागी. जोर लावून बसवू नये. आणि नवी पट्टी बसवल्यावर मशीन नुसतंच बीप देत राहिलं तर घाबरू नका. आपल्याकडच्या धुळीत जुन्या पट्टीच्या सोनेरी पिना मळतात. वीज बंद करून खोडरबराने हलकेच घासल्या की बहुधा काम होतं.

ताईंना आम्ही आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नोंदणी केली तर सुरक्षा-अपडेट आणखी एक वर्ष मिळतात. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, कितीही रॅम टाकली तरी हे मशीन त्यात बसत नाही. लोकांचे आधार क्रमांक आणि कागदपत्रं ज्या मशीनवर येतात, ते अपडेटविना फार काळ वापरणं बरोबर नाही. म्हणून त्यांनी ४ जीबीची वापरलेली १३३३ घेतली, दुकानातच लावून तपासून, आणि उरलेल्या पैशांत एक लहान एसएसडी. पुढचं मशीन येईल तेव्हा एसएसडी काढून त्यात लावता येईल. डीडीआर-३ची पट्टी मात्र जुन्या बोर्डाबरोबरच जाईल.