पिकअपला जादा डिझेल टाकी बसवावी काय?

(ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते)



गळीत हंगाम तोंडावर आला की गट कार्यालयात ऊसनोंदीच्या चौकशीबरोबर हल्ली आणखी एक विचारणा होऊ लागली आहे. "साहेब, पिकअपच्या हौद्यात मागं एक जादा टाकी बसवून घेतली तर चालंल का?" पुष्कळ सभासदांकडे आता पिकअप गाडी आहे. त्याच गाडीतून खत, बेणे, ठिबकच्या नळ्या जातात, भाजी बाजारात जाते आणि हंगामात फडावरच्या ट्रॅक्टरला डिझेलही जाते. त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. मात्र याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' इतके सोपे नसल्याने येथे जरा विस्ताराने लिहीत आहे.

प्रथम गरज कोणती ते पाहावे. जादा टाकी दोन कारणांसाठी बसवतात. एक म्हणजे गाडीच्याच इंजिनाला अधिक डिझेल मिळावे म्हणून, आणि दुसरे म्हणजे शेतातल्या यंत्रांना डिझेल पोहोचवावे म्हणून. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात दोन पंपांमध्ये दोनशे-तीनशे किलोमीटरचे अंतर पडते, तिथे पहिल्या कारणासाठी दुसरी टाकी लागतेच. आपल्याकडची गोष्ट निराळी आहे. पिकअपच्या टाकीत साधारण ५० ते ६० लिटर डिझेल बसते. लिटरला ११ किलोमीटर धरले तरी एका भरण्यात सहाशे किलोमीटरच्या आसपास पल्ला मिळतो. मुकादमाला भेटायला सांगलीहून बीडकडे जाऊन यायचे म्हटले तरी वाटेत एकदा पंपावर थांबले की भागते, आणि पंप वाटेत ठिकठिकाणी आहेत. तेव्हा स्वतःच्या इंजिनासाठी जादा टाकी हा आपल्या भागात निव्वळ हौसेचा खर्च आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फडावर डिझेल नेण्याची गरज मात्र खरी आहे. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर डिझेल भरण्यासाठी पंपापर्यंत रिकामा पळवायचा म्हणजे डिझेलही जाते आणि खेपही बुडते. तोडणी यंत्र असेल तर त्याला दिवसाला शे-दोनशे लिटरच्या वर डिझेल लागते, आणि ते यंत्र काही पंपावर नेता येत नाही. म्हणून पिकअपमधून डिझेल नेणे हे काम आहेच. प्रश्न आहे तो कसे न्यायचे याचा.

आता वजनाचा हिशेब करू. टाकीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा व त्याला १००० ने भागावे, म्हणजे लिटर निघतात. १०० लांब, ५० रुंद, ४० उंच अशी टाकी २०० लिटरची झाली. डिझेलचे वजन लिटरला सुमारे ८३० ग्रॅम धरले तर २०० लिटरचे १६६ किलो झाले. तीन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याची नुसती टाकी ५२ किलोच्या आसपास भरते, आतले पडदे आणि चौकट धरून आणखी दहा-बारा किलो वाढतात. एकूण २३० किलो झाले, म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या पाच गोण्या कायमच्या हौद्यात पडून राहिल्यासारखे आहे. तेवढा माल रोजच्या खेपेत कमी नेला पाहिजे. तो कमी कोणी नेत नाही, आणि मग मागचे पाटे बसतात.

वजनापेक्षा मोठी अडचण डिझेलच्या हेलकाव्याची आहे. अर्धी भरलेली टाकी घाटात अचानक ब्रेक लावल्यावर काय करते ते पाण्याचा टँकर चालवणाऱ्याला विचारावे. आतला सगळा भार एकदम पुढे धावतो, वळणावर बाजूला जातो. यासाठी टाकीत आडवे भोकांचे पडदे घालावे लागतात. गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडे सांगितले नाही तर तो ते घालत नाही, आणि बाहेरून टाकी तीच दिसते.

टाकी काठोकाठ भरू नये, हेही त्याला जोडूनच सांगतो. डिझेल तापले की फुगते. २०० लिटर डिझेलचे तापमान २५ अंशांनी वाढले तर सुमारे चार लिटर वाढ होते. पहाटे गच्च भरलेली टाकी दुपारी झाकणातून पाझरते ती यामुळे.

'डिझेल पेट्रोलसारखं पेटत नाही' असे आपण सर्रास म्हणतो. हे अर्धेच खरे आहे. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा ज्वालांक किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ज्वालांक म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान. आता मार्च-एप्रिलच्या उन्हात उभ्या पिकअपच्या हौद्याला हात लावून पाहा, चटका बसतो. त्या पत्र्याला टेकलेली टाकी ३५ अंशांच्या वर सहज जाते. शेजारी वाळलेल्या पाचटाचा फड, कोणाच्या तरी हातात बिडी, आणि हंगामाच्या शेवटी जळिताचे प्रकार तर आपण दरवर्षी पाहतोच. त्यात पेट्रोलच्या जुन्या कॅनमधून डिझेल आणले असेल तर तळाशी राहिलेल्या थोड्याशा पेट्रोलनेही ज्वालांक बराच खाली येतो. म्हणून पेट्रोलचा कॅन डिझेलला कधीही वापरू नये.

याहून धोक्याची गोष्ट म्हणजे जुन्या बॅरलची टाकी करणे. रिकामे बॅरल हे खऱ्या अर्थाने रिकामे नसते. आत वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. त्यावर वेल्डिंगची ठिणगी पडली की बॅरल बॉम्बसारखे फुटते. वेल्डिंगवाल्याचा जीव जाण्याचे असे प्रकार घडलेले आहेत. एकदा डिझेल भरलेली टाकी गळू लागली तर तिलाही हाच नियम लागू आहे. नुसते पाण्याने विसळून तिच्यावर वेल्डिंग करायला देऊ नये, ती बदलावी.

आता कायद्याचे पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट ठासून सांगितली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले. त्यानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. इंजिनाच्या नळीला जोडलेली कायमची टाकी बसवायची असेल तर आधी आर.टी.ओ. कार्यालयात लेखी विचारावे, नंतर नव्हे. विमा कंपनीलाही कळवावे. गाडी जळाल्यावर सर्वेअर पहिल्यांदा काय पाहतो, तर गाडीत मूळचे नसलेले काय आहे ते.

डिझेल नेण्याबाबत मात्र कायदा शेतकऱ्याच्या आड येत नाही. पेट्रोलियम कायदा, १९३४ मध्ये डिझेल 'ब' वर्गात मोडते. एका ठिकाणी एकूण २,५०० लिटरपर्यंत, आणि कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल, तर 'ब' वर्गातील तेलाची वाहतूक व साठवण करण्यास परवाना लागत नाही. पेट्रोलची गोष्ट वेगळी, ते 'अ' वर्गात येते व मर्यादा फार कमी आहे.

म्हणून माझी शिफारस अशी की इंजिनाच्या नळीला हात लावू नये. हौद्यात काढता-घालता येणारी, नवीन पत्र्याची, शंभर-दीडशे लिटरची टाकी ठेवावी आणि तिच्यातून पंपाने ट्रॅक्टरला डिझेल द्यावे. काम संपले की टाकी उतरवून ठेवावी, म्हणजे पाच गोण्यांचा भार वर्षभर वाहावा लागणार नाही.

तरीही कोणी परवानगी घेऊन इंजिनासाठी जोडणार असेल तर एक तांत्रिक गोष्ट नीट समजून घ्यावी. आजच्या कॉमन रेल इंजिनात पंपाने ओढलेले सगळे डिझेल जळत नाही. त्यातले बरेचसे गरम होऊन परतीच्या नळीने टाकीत माघारी येते. मेकॅनिकने ओढायची नळी नव्या टाकीला जोडली आणि परतीची जुन्या टाकीतच ठेवली, तर जुनी टाकी भरून रस्त्यावर वाहू लागते. ओढ आणि परत दोन्ही एकाच वेळी बदलणारा कॉक तरी हवा, नाही तर जादा टाकीतून मूळ टाकीत १२ व्होल्टच्या डिझेल पंपाने भरण्याची सोय तरी हवी. दुसरी पद्धत बरी, कारण इंजिनाची जोडणी जशीच्या तशी राहते. पंप डिझेलसाठीच बनवलेला असावा, फवारणीचा किंवा पाण्याचा नव्हे, आणि त्याला फ्यूज हवाच.

टाकी कोणाकडूनही करून घ्या, पत्रा जस्ती नसावा. जस्त डिझेलमध्ये थोडे थोडे विरघळते व इंजेक्टरमध्ये घाण धरते. तांब्याची नळीही टाळावी. टाकीच्या तळाशी पाणी काढायचा कॉक असावा आणि ओढायच्या नळीचे तोंड तळापासून दोन इंच वर असावे. श्वासाची हवा-नळी उंच नेऊन तिच्या तोंडाला बारीक जाळी लावावी. आपल्याकडे कुंभारीण माशी अशा भोकात मातीचे घर करते, हवा बंद होते, आणि टाकीत डिझेल असून पंप ओढत नाही. मग नवीन पंपाला नावे ठेवत बसायचे! सायलेन्सर व बॅटरीपासून टाकी लांब, केबिनला लागून, मागच्या आसाच्या पुढे असावी. ती दोरीने बांधू नये, पट्टी व बोल्टने कसावी.

झाकणावर ठळक 'डिझेल' असे लिहावे. काही बी.एस. ६ गाड्यांना युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. डिझेल तिच्यात किंवा ते द्रावण डिझेलच्या टाकीत गेले तर दुरुस्तीचे बिल पाहून उसाचा पहिला हप्ता आठवतो. (खताचा युरिया पाण्यात कालवून त्या टाकीत ओतण्याची कल्पनाही एकाने विचारली होती. कृपया तसे करू नये.)

फडावर डिझेल काढताना नळी तोंडाने ओढून चालू करण्याची सवय आपल्याकडे घरोघर आहे. ही सवय सोडावी. एक घोट जरी फुप्फुसात गेला तरी गंभीर न्यूमोनिया होतो. कोणाच्या पोटात गेलेच तर त्याला उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर तेच डिझेल फुप्फुसात उतरते. तडक दवाखान्यात न्यावे. हाताने फिरवायचा बॅरल पंप मिळतो, तो घ्यावा.

डिझेल देताना ट्रॅक्टर बंद असावा आणि पिकअप पाचटावर उभी नसावी. जवळ कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे व वाळूची बादली ठेवावी. पेटलेल्या डिझेलवर पाणी मारू नये, डिझेल पाण्यावर तरंगून आग आणखी पसरते. आणि ज्या खेपेला हौद्यात डिझेल आहे त्या खेपेला टोळीतले कोणी, विशेषतः बाया-मुले, मागे बसवू नयेत. कोपीवरून फडावर जाताना 'एवढंच तर जायचंय' म्हणून बसवले जाते. मुकादमाने व गाडीमालकाने दोघांनीही याला नकार द्यावा.

ज्यांना हे सारे जिकिरीचे वाटते त्यांनी दुसरी सोयही पाहावी. तेल कंपन्यांनी २०१८ पासून डिझेल जागेवर पोहोचवण्याची सेवा सुरू केली आहे, तिची सुरुवात पुण्यात झाली. मोठे तोडणी यंत्र असणाऱ्यांना किंवा चार-पाच ट्रॅक्टरवाल्यांनी मिळून मागणी केल्यास ती परवडू शकते. आपल्या भागात गाडी येते काय, याची जवळच्या पंपावर चौकशी करावी.

हंगाम संपल्यावर टाकी भरलेली ठेवून पावसाळ्यात तशीच सोडू नये. दमट हवेचे पाणी आत साचते, त्यावर जंतू वाढून काळी चिकट साय धरते आणि पुढच्या हंगामात पहिल्याच दिवशी फिल्टर तुंबतो. मे अखेर डिझेल वापरून संपवावे, तळाचा कॉक उघडून पाणी काढावे आणि झाकण घट्ट लावून टाकी सावलीत, घरापासून व गोठ्यापासून लांब ठेवावी.