'सिंह' शब्दाचे कूळ

पहिल्या वर्षी वर्गात वाचताना मी 'सिंह'ला 'शिंव्ह' म्हटले आणि वर्ग हसला. आमच्या घरी तसेच म्हणतात. माझ्याआधी घरातले कुणी कॉलेजात गेले नव्हते. मग ग्रंथालयात बसून या शब्दाचे कूळ शोधू लागलो.

यास्काच्या निरुक्तात एक व्युत्पत्ती आहे: 'हिंस्' म्हणजे मारणे, त्याची अक्षरे उलटून 'सिंह'! आजचे अभ्यासक ती मानीत नाहीत. मला मात्र ती फार आवडली. आयाळ म्हणजे केसर, म्हणून तो 'केसरी'. टिळकांच्या १८८१ सालच्या पत्राचे नाव तेच. चालता चालता मागे वळून पाहण्याची त्याची रीत 'सिंहावलोकन' शब्दात राहिली. प्राकृतात त्याचा 'सीह' झाला, पंजाबीत 'सिंघ'.

हे दादांना सांगितले. ते म्हणाले, "म्हंजी आपला शिंव्हबी त्यातलाच की!"