अंगणवाडी व डोंगरांतील मुलें

आषाढ लागला म्हणजे भोर व वेल्हे या मावळी मुलुखांत भाताच्या लावणीची घाई उडते. आईबाप चिखलांत उतरतात. तान्हें मूल बांधावर इरल्याखालीं राहतें, आणि त्याच्यापाशीं बसावयास म्हणून थोरली बहीण शाळा चुकविते. ही गोष्ट आमच्या वाचकांस नवी नाहीं.

यावर सरकारी खर्चानें चालणारी अंगणवाडी कितपत पुरी पडते, तें पाहूं. कै. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें. मुलें बालवाडींत येत नाहींत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणांत न्यावी, ही त्यांची कल्पना. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झाली. तींत सहा वर्षांखालील मुलांस पूरक आहार, लसीकरण व आरोग्यतपासणी, आणि तीन वर्षांपुढील मुलांस खेळांतून शिक्षण मिळतें.

परंतु अंगणवाडी भरते कांहीं तासच, आणि लावणी चालते दिवसभर! शिवाय तीन वर्षांखालील मुलास घरीं न्यावयाचा शिधा मिळतो, सांभाळ नव्हे. आणि बांधावर असतें तें नेमकें तेंच मूल. याकरितां केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेंत अंगणवाडीस जोडून पाळणाघरें काढण्याचें योजिलें आहे. तेथें सहा महिन्यांपासूनचें मूल ठेवतां येतें.

वाडीवस्तीवरील पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाप्रमाणें, ज्या वस्तींत सहा वर्षांखालील निदान ४० मुलें असून अंगणवाडी नाहीं, तिला ती मागण्याचा हक्क आहे. व मागणीपासून तीन महिन्यांच्या आंत ती मिळाली पाहिजे. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे करावा. मुलांचीं नांवें व वयें आमच्या वरच्या वर्गांतील कोणीहि विद्यार्थी लिहून देईल.