सुईनें घडविलेला दागिना

दागिना म्हटला कीं सोनार, मूस आणि हातोडी हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु सुई, दोरा आणि जाळीचें कापड एवढ्यावर भागणारीही दागिन्यांची एक जात आहे. तिचें सर्व साहित्य हल्लीं तयार पेटींत घालून विकलें जातें. त्यामुळें शाळेंतील मुलामुलींना ती घरच्या घरीं करून पाहतां येते. गेल्या दिवाळींत अशी एक पेटी माझ्या भाचीला भेट मिळाली. आजीच्या शालीस लावण्यासाठीं ब्रूच करावयाचा, असा तिचा बेत होता. तें काम करतांना जें घडलें, त्यावरूनच हा लेख लिहावयास घेतला आहे.

पेटींत कडक सुती जाळीचा एक चौकोनी तुकडा, रंगीत दोऱ्यांच्या लडी, बोथट टोंकाची व मोठ्या नेढ्याची सुई, चौकटींचा नकाशा आणि धातूचें कोंदण एवढें साहित्य असतें. नकाशांतील प्रत्येक चौकट म्हणजे जाळीवरील एक टांका. चौकटींत रंग भरून भरतकामाचे नमुने विकण्याची ही युक्ति एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन शहरांत निघाली व तेथील लोकरीसह साऱ्या युरोपांत पसरली. टांका मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे. स्कॉटलंडची राणी मेरी इ. स. १५६८ पासून इंग्लंडांत नजरकैदेंत होती. त्या काळांत तिनें केलेलें असलें भरतकाम नॉरफोक परगण्यांतील ऑक्सबर्ग हॉल येथें आजही पाहावयास मिळतें. पुढें व्हिएन्ना शहरानें तर अतिशय बारीक जाळीवर रेशमी फुलें भरून ब्रूच व बटवे करण्यांत मोठें नांव मिळविलें.

आमच्या पेटींतील जाळीला एका इंचांत १८ घरें होतीं. म्हणजे एका चौरस इंचास ३२४ टांके. कोंदणाचा व्यास सव्वा इंच. वर्तुळाचें क्षेत्रफळ काढण्याची रीति ज्यांस येते त्यांनीं हिशेब करून पाहावा. सुमारें ३९८ टांके येतील. एवढेसे टांके दोन संध्याकाळींत होतील, असें आम्हां सर्वांस वाटलें.

टांका दिसावयास अगदीं साधा. जाळीच्या एका घराच्या खालच्या डाव्या कोपऱ्यांतून सुई वर काढावयाची आणि वरच्या उजव्या कोपऱ्यांत खालीं घालावयाची. परंतु एका टांक्याकडून दुसऱ्याकडे जातांना दोरा मागच्या बाजूनें कसा जातो, यावर सर्व कांहीं अवलंबून असतें. समोरून सारखेच दिसणारे हे टांके तीन प्रकारांनीं घालतां येतात. पहिल्या प्रकारांत मागें दोरा केवळ एक घर सरळ उतरतो. दुसऱ्यांत उजवीकडून डावीकडे जात असतां तो मागें दोन घरें आडवा व एक घर उभा असा लांब तिरपा पडतो. तिसऱ्यांत ओळीच तिरप्या घालावयाच्या असतात. एक ओळ खालीं उतरते, दुसरी वर चढते, व मागें दोरा आलटूनपालटून दोन घरें उभा व दोन घरें आडवा पडून चटईसारखी वीण तयार होते.

आतां पायथागोरसाचा सिद्धांत येथें उपयोगी पडतो! घराची बाजू एक मानिली तर समोरचा दोरा प्रत्येक प्रकारांत १.४१ लागतो. मागचा दोरा पहिल्यांत १, दुसऱ्यांत २.२४ आणि तिसऱ्यांत २. म्हणजे एका टांक्यास अनुक्रमें २.४१, ३.६५ आणि ३.४१. आमच्या ३९८ टांक्यांस पहिल्या प्रकारानें सुमारें ५३ इंच दोरा पुरतो. दुसऱ्यानें ८१ इंच लागतो. पेटी भरणाऱ्यानें दोरा पहिल्या प्रकाराच्या हिशेबानें मोजून दिला होता, आणि सूचनापत्रांत टांक्याचें केवळ समोरचें चित्र होतें. भाची तर शाळेंत शिकलेल्या दुसऱ्या प्रकारानें भरीत गेली. दोन तृतीयांश काम झालें आणि तांबडा दोरा संपला. बाजारांतून त्याच क्रमांकाची लड आणिली, परंतु ती रंगाच्या दुसऱ्या घाणींतून निघालेली. जोड स्पष्ट दिसूं लागला. त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, सर्व टांक्यांचा ओढा एकाच दिशेस असल्यानें चौकोनी जाळी तिरकी झाली व मधलें फूल वाऱ्यानें कललेलें दिसूं लागलें. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलें. आजीचा वाढदिवस चार दिवसांवर होता.

मग पहिला, काटकसरीचा प्रकार कां घेऊं नये? कारण त्याची पाठ विरळ राहते आणि साध्या विणीच्या जाळींत टांके घसरतात. शिवाय जाळी तोही तिरकी करतो. चटईच्या विणींत मात्र उभा ओढा व आडवा ओढा एकमेकांस तोलून धरतात. तेथें एकच खूण ध्यानांत ठेवावी. जाळी नीट पाहिली तर कोठें उभा धागा वर असतो, कोठें आडवा. उभा वर असलेल्या कर्णावर ओळ खालीं उतरावी, आडवा वर असलेल्या कर्णावर वर चढावी.

उरलेल्या जाळीवर भाचीनें पुन्हा आरंभ केला. या वेळीं सर्व तांबडा दोरा नव्या लडीचाच घेतला. जाळीच्या कडा उसवूं नयेत म्हणून त्यांस चिकटपट्टी लाविली. दोरा हातभराहून लांब घेतला नाहीं. लांब दोरा जाळीवर घांसून झिजतो. गांठ मुळींच मारिली नाहीं, शेवट मागच्या टांक्यांखालून ओवून घेतला. धारवाडकडे कसुती भरणाऱ्या बायकाही गांठ मारीत नाहींत, हें तिला आजीकडूनच ठाऊक होतें. दोऱ्यास पीळ चढला कीं सुई लोंबकळत सोडावी, तो आपोआप उलगडतो.

भरून झाल्यावर जाळी किंचित् ओलसर करून, न गंजणाऱ्या टांचण्यांनीं फळीवर चौकोनांत ताणून रात्रभर वाळविली. (दोऱ्याचा रंग जात नाहीं ना, हें ओल्या पांढऱ्या फडक्यानें आधीं पाहून घ्यावें.) मग अर्धा इंच कड ठेवून ती गोल कातरली, कडेनें धांवदोरा घातला, आंत पुठ्ठ्याची चकती ठेवून दोरा ओढला आणि सर्व कोंदणांत बसविलें.

ब्रूच वाढदिवसाच्या सकाळीं तयार झाला. आजीच्या शालीवर तो आतां नेहमीं असतो. पहिला, कललेल्या फुलाचा तुकडा भाचीनें टाकून दिलेला नाहीं. तो पुठ्ठ्यावर पालथा शिवून तिनें आपल्या टेबलाशीं लाविला आहे, आणि मैत्रिणी भरतकाम शिकावयास आल्या कीं ती प्रथम त्याची पाठच दाखविते.