दुधाला तटबंदी, मेंढीला मोकळे रान

न्यूझीलंडबरोबरच्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा 22 डिसेंबर 2025 रोजी झाली, तेव्हा सरकारने सर्वाधिक अभिमानाने सांगितले ते आपण काय दिले नाही हे. दूध, लोणी, चीज यांना भारताचे दार बंदच राहिले. नेमक्या याच कारणावरून वेलिंग्टनमध्ये परराष्ट्रमंत्री विन्स्टन पीटर्स यांच्या पक्षाने सत्तारूढ आघाडीत राहूनही कराराला विरोध जाहीर केला. दोन्ही राजधान्यांत चर्चा झाली ती दुधाची. करार अमलात येताच ज्या मालावरचे 30 टक्के आयात शुल्क शून्यावर आणण्याचे मान्य झाले, त्यात मेंढीचे मांसही आहे, ही बाब मात्र तपशिलांच्या गर्दीत राहिली.

हा पहिलाच प्रसंग नव्हे. ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारावर 2 एप्रिल 2022 रोजी पीयूष गोयल आणि डॅन तेहान यांनी स्वाक्षऱ्या केल्या. तो 29 डिसेंबर 2022 रोजी अमलात आला आणि त्याच दिवशी ऑस्ट्रेलियन मेंढीच्या मांसावरचे 30 टक्के शुल्क संपले. तेथेही दुग्धक्षेत्र बाहेर होते. जगाच्या बाजारात येणाऱ्या मेंढीच्या मांसापैकी दोनतृतीयांशांहून अधिक मांस ज्या दोन देशांतून निघते, त्या दोघांनाही भारताने हा मार्ग मोकळा करून दिला आणि राजधानीत त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही.

दखल न घेण्याला सबळ कारण दिले जाते. भारतीय गिऱ्हाईक डोळ्यांसमोर कापलेले ताजे मांस घेते, तेही बहुतेक ठिकाणी बोकडाचे. गोठवलेल्या मांसाकडे ते संशयाने पाहते. आपल्याकडचा ‘मटण’ हा शब्दच मुळी फसवा आहे. जगाच्या बाजारात तो प्रौढ मेंढीसाठी वापरतात आणि वर्षाच्या आतल्या कोकराला ‘लॅम्ब’ म्हणून वेगळा, चढा भाव मिळतो. मुंबई-दिल्लीच्या पंचतारांकित हॉटेलांत न्यूझीलंडच्या कोकराचे चाप आयात शुल्क असतानाही मिळत होते. तेवढ्या जिनसेने धनगराचे काय बिघडणार, असा हा युक्तिवाद आहे आणि आजच्या भावांपुरता तो खराही आहे. प्रश्न भाव तसेच राहतील काय, हा आहे.

या व्यापाराची सुरुवात 1882 ची. त्या वर्षी ‘डनेडिन’ हे जहाज सुमारे पाच हजार गोठवलेली धडे घेऊन न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्समधून निघाले आणि 24 मे रोजी लंडनला पोहोचले. त्यानंतर जवळपास नव्वद वर्षे न्यूझीलंडची मेंढी म्हणजे ब्रिटनची थाळी असे समीकरण होते. 1973 मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला आणि ते मोडले. पुढे सरकारी अनुदाने गेली, चराऊ जमीन दुभत्या गाईंकडे आणि जंगलांकडे वळली. 1982 च्या सुमारास सात कोटींवर गेलेली तेथील मेंढ्यांची संख्या आता अडीच कोटींच्या आत आली आहे. निर्यातीतील अग्रस्थान ऑस्ट्रेलियाने घेतले. 2024 मध्ये त्या देशाने साडेतीन लाख टनांहून अधिक कोकराचे मांस निर्यात केले, प्रौढ मेंढीचे वेगळेच.

मात्र निर्यातदार मेंढी विकत नाही, तिचे अवयव विकतो. फासळ्यांचे चाप अमेरिका आणि युरोपच्या श्रीमंत गिऱ्हाइकाकडे जातात. मागची मांडी ईस्टर आणि नाताळसाठी ब्रिटनकडे जाते. उरतो तो पोटाचा, छातीचा चरबीदार भाग, मान आणि पुढचे पाय. या ‘उरलेल्या’ मालाला कोठे ना कोठे गिऱ्हाईक मिळावेच लागते, कारण चापांची किंमत आधीच वसूल झालेली असते आणि बाकीचा माल मिळेल त्या भावाने काढणे निर्यातदाराला परवडते. एके काळी हा माल प्रशांत महासागरातील बेटांकडे जाई. लोकांच्या आरोग्यावरील परिणामांमुळे फिजीने 2000 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. नंतर चीनने तो अक्षरशः गिळला. स्वतः मेंढीच्या मांसाचा सर्वांत मोठा उत्पादक असूनही चीन सर्वांत मोठा आयातदार बनला आणि पोटाच्या भागाला कधी न मिळालेला भाव आला.

एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबलेला बाजार किती नाजूक असतो, हे 2023 मध्ये दिसले. चीनची मागणी मंदावली, त्यात कोरड्या हंगामाच्या धास्तीने ऑस्ट्रेलियन शेतकऱ्यांनी कळप बाजारात आणले. सप्टेंबर-ऑक्टोबरात तेथे कोकराच्या धडाचा भाव किलोला 4 ऑस्ट्रेलियन डॉलरच्या खाली गेला. प्रौढ मेंढीच्या भावाची तर त्याहून वाईट घसरण झाली. दोन वर्षांत चित्र पालटले. कळप घटल्याने 2025 च्या मध्याला त्याच कोकराला किलोमागे 10 डॉलरहून अधिक, म्हणजे विक्रमी भाव मिळू लागला. भारतात आयात वाढली नाही, त्याचे श्रेय आपल्या खवय्यांच्या चोखंदळपणाला जितके, तितकेच या विक्रमी भावालाही आहे. 2023 सारखा घसरणीचा हंगाम पुन्हा आला आणि गिऱ्हाईक शोधणाऱ्या निर्यातदाराला समोर शून्य शुल्काचा देश दिसला, तर खानावळी, बिर्याणीची हॉटेले आणि खिमा-कबाबचे कारखाने यांच्यापुढे बोकडाच्या चढ्या भावाला पर्याय उभा राहील. ताजेपणाचा आग्रह घरच्या स्वयंपाकघरात चालतो. मसालेदार खिम्यात तो फारसा टिकत नाही.

इतर देशांनी हा धोका कसा हाताळला? ब्रिटनने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी केलेले करार 31 मे 2023 रोजी अमलात आले. ऑस्ट्रेलियन मेंढीच्या मांसाला पहिल्या वर्षी 25 हजार टनांचा शुल्कमुक्त कोटा दिला गेला. तो टप्प्याटप्प्याने वाढणार आहे आणि अखेरचे संरक्षण 15 वर्षांनी उठणार आहे. एवढी सावधगिरी बाळगूनही ज्यांच्या कारकिर्दीत करार झाला, ते माजी पर्यावरणमंत्री जॉर्ज युस्टिस यांनी नोव्हेंबर 2022 मध्ये कॉमन्स सभागृहात उभे राहून, हा करार ब्रिटनसाठी फारसा चांगला नाही, अशी कबुली दिली. युरोपीय संघाने 2024 मध्ये न्यूझीलंडला वाढीव वाटा दिला, तोही 38 हजार टनांच्या मर्यादेत. भारताने कोटा ठेवला नाही, टप्पेही नाहीत.

याचे कारण अर्थशास्त्रात शोधण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये बँकॉकमध्ये भारत ‘आरसेप’मधून बाहेर पडला, त्यामागे दूध संघांनी उठवलेला आवाज होता. त्यांच्यामागे कोट्यवधी घरे आहेत आणि त्यांचा हिशेब रोज सकाळी मापात मोजला जातो. अमेरिकी कोंबडीच्या तंगड्यांविरुद्ध कुक्कुट उद्योग उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेत भारत ते प्रकरण हरला, तरी कापलेल्या कोंबडीवरचे 100 टक्के शुल्क टिकले आणि 2023 मध्ये सवलत मिळाली ती गोठवलेल्या टर्की आणि बदकाला. मेंढपाळांचे मात्र असे संघटन नाही. 2019 च्या पशुगणनेनुसार देशात 7 कोटी 43 लाख मेंढ्या आहेत आणि त्या धनगर, कुरुबा, गोल्ला, रबारी, गद्दी, बकरवाल अशा समाजांच्या हाती आहेत. राजकारणात ते दुबळे आहेत असेही नाही. कुरुबा समाजाचे सिद्धरामय्या 2013 आणि 2023 मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रात महादेव जानकर पशुसंवर्धनमंत्री होते. तेलंगणाने 2017 मध्ये 75 टक्के अनुदानावर 20 मेंढ्या आणि 1 नर देण्याची योजना आणली आणि 2019 च्या गणनेत ते राज्य मेंढ्यांच्या संख्येत पहिले आले. परंतु या समाजांची राजकीय शक्ती आरक्षण, प्रतिनिधित्व आणि अनुदान यांभोवती फिरते. महाराष्ट्रातील धनगरांच्या मोर्चांत अनुसूचित जमातीचा दर्जा ही मागणी वर्षानुवर्षे अग्रभागी आहे. आयात शुल्क हा त्यांच्या मागणीपत्राचा विषय झालाच नाही. कारण मेंढपाळ व्यापाऱ्याला जनावर नगावर विकतो, आणि गोठवलेल्या मांसाचा भाव त्याच्यापर्यंत पोहोचतो तो व्यापाऱ्याने कमी सांगितलेल्या आकड्याच्या रूपाने.

ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारात अचानक आयात वाढल्यास 14 वर्षेपर्यंत संरक्षक उपाय योजण्याची तरतूद आहे, असे सरकार सांगते. ते खरे आहे. पण असे उपाय सहसा देशी उत्पादकांच्या लेखी अर्जावरून सुरू होतात. उत्पादन, विक्री, नफा आणि तोटा यांचे आकडे त्यासाठी द्यावे लागतात. अमेरिकेतील मेंढीपालकांच्या संघटनेने 1998 मध्ये नेमके हेच केले आणि जुलै 1999 मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी कोकराच्या आयातीवर निर्बंध घातले. जागतिक व्यापार संघटनेपुढे ते 2001 मध्ये टिकले नाहीत, पण उत्पादकांना दोन वर्षांचा श्वास मिळाला. वाणिज्य भवनात ताळेबंद घेऊन जाणारा मेंढपाळ कोठून आणायचा? सरकारला स्वतःहून चौकशी करता येते, पण त्यालाही आकडे लागतातच.

संसदेची भूमिका या साऱ्यात जवळपास नाममात्रच. आपल्या राज्यघटनेनुसार व्यापार करार हा कार्यपालिकेचा अधिकार आहे. मंत्रिमंडळाची मंजुरी पुरते. शुल्कमाफी सीमाशुल्क कायद्याखालील अधिसूचनेने होते. कॅनबेरात मात्र भारताबरोबरचा हाच करार संसदेच्या करारविषयक संयुक्त समितीपुढे गेला आणि त्याच्या अंमलबजावणीची विधेयके 22 नोव्हेंबर 2022 रोजी संमत झाली. म्हणजे भारताने मेंढीवरचे शुल्क काढावे काय, याची छाननी ऑस्ट्रेलियन खासदारांनी केली. भारतीय खासदारांनी ती करायची, तर वाणिज्यविषयक स्थायी समितीला विषय स्वतःहून हाती घ्यावा लागेल.

समितीने तो घेतला, तर निदान एक साधन नव्याने हाती येत आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या मेंढपाळांची आणि त्यांच्या कळपांची स्वतंत्र नोंद प्रथमच ठेवण्यात आली आहे.